मुका खांब

१
साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब: क्रोशाचे टाके. घरात कुणीच हे कधी लिहून ठेवलं नाही. पणजीचा रुमाल उजेडात धरायचा आणि घरं मोजायची.

२
दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर असते. क्रोशात एकच फास. शेवटचं टोक सोडवून ओढत गेलं की पलंगपोसाचा परत गुंडा होतो. आजीने रेडिओचं कव्हर उसवून टीव्हीला विणलं. टीव्ही भिंतीवर गेल्यापासून तोच दोरा मिक्सरवर आहे.

३
आंध्रातलं नरसापूर. बायका घरोघरी क्रोशाची लेस विणतात, माल परदेशी जातो. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचं त्यावर १९८२ सालचं पुस्तक आहे. दिवसाला सहा-आठ तास सुई चालते. तरी ते काम फावल्या वेळातलं. व्यापारी पुरुष, त्यांचा मात्र धंदा.

४
दारावरचं 'सुस्वागतम्'. भरलेलं घर, रिकामं घर, आधी चौकटीच्या कागदावर आखून घेतलेलं. जाळीचं असल्यामुळे आतूनही दिसतं. निघणाऱ्या पाहुण्याला ते उलटं वाचावं लागतं.

५
क्रोशासारखं दिसणारं कापड मशीन काढतं. खरा क्रोशा अजून हातानेच होतो. म्हणजे मॉलमधल्या सेलच्या ढिगातला खऱ्या क्रोशाचा टॉपसुद्धा.

६
आयर्लंड, १८४५. बटाट्यावर करपा पडला, दुष्काळ आला. क्लोन्स गावी पाद्रीणबाई कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये गरीब बायकांना क्रोशाच्या कामाला लावलं. कुणी नुसते गुलाब विणायचे, कुणी पानं, कुणी फक्त जोडायचं. घराण्याचा नमुना शेजारणीला दाखवायचा नाही.
आमच्याकडे दाखवतात. एक ओळ कमी सांगतात.

७
रुखवत भाड्याने मिळतं. परत घेताना ताटावरचे रुमाल मोजून घेतात.

८
अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाची सुई हातात घेतली. अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीतलं प्रतल विद्यार्थ्यांना हाताळायला द्यायचं होतं, कागदाचं फाटायचं. दर ओळीत ठरल्या प्रमाणात टाके वाढवत नेले की कापड आपोआप कोबीच्या पानासारखं मुरडत जातं.
आत्याला फोटो दाखवला. म्हणाली, "टाके जास्त झालेत. उसवायला सांग."

९
ताठ राहावं म्हणून साबुदाण्याची खळ. खळीवर कसर येते. ठेवणीतलं असेल तर खळ धुऊन काढावी, घडी न घालता गुंडाळावं. घडीवर दोरा तुटतो.
ठेवणीतलं म्हणजे कुणीच न वापरायचं, हे बाकी ठरलेलं.

१०
भाची यूट्यूबवरून शिकते आहे. आत्या शेजारी बसून मान वाकडी करून बघते. "डावखुरी आहे का गं ही बाई?"

११
वाटण्यांची यादी: समया, तांब्याचा बंब, शिवणयंत्र, पाटल्या. क्रोशाचं एक अक्षर नाही. बहिणींची बोलचाल बंद आहे ती पलंगपोसावरून.