ओट्यापासून फलकापर्यंत : आंधळगावची वाट नकाशावर कशी यावी?

१) भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी विदर्भात परिचित आहे. पिढ्यानपिढ्या इथल्या घरांतून हातमाग चालत आले. मात्र अशा गावात उभे राहून कुणी फोनवर चालण्याचा खेळ उघडला, तर पडद्यावर बहुधा रस्ते दिसतात आणि त्यांच्या कडेला मोकळी जागा. ही जागा मोकळी का राहते आणि ती भरायची कुणी, याविषयी हा धागा.

२) या खेळांचे तत्त्व सोपे आहे. खेळाडूने घराबाहेर पडावे, चालावे आणि खऱ्या जगातील एखाद्या स्थळापाशी पोहोचावे, म्हणजे खेळातले काही हाती लागते. नायान्टिक कंपनीचा 'इन्ग्रेस' २०१२ साली आला, 'पोकेमॉन गो' जुलै २०१६ मध्ये. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला.

३) आरंभीची स्थळे आली कुठून? सार्वजनिक शिल्पे, जुन्या इमारती, स्थाननोंद असलेली छायाचित्रे आणि अमेरिकेतील ऐतिहासिक फलकांची एक मोठी सूची, हे त्यांचे प्रमुख आधार होते. म्हणजे ज्या समाजाने आपला इतिहास आधीच फलकांवर लिहून ठेवला होता, त्याचा नकाशा पहिल्याच दिवशी भरला. ज्याचा इतिहास तोंडी राहिला, त्याचा रिता राहिला.

४) पुढे खेळाडूंनाच स्थळे सुचवण्याची सोय मिळाली. 'वेफेअरर' हे त्या व्यवस्थेचे नाव. स्थळाचे नाव, वर्णन, अचूक स्थान, स्थळाचे एक छायाचित्र आणि परिसराचे दुसरे, एवढे पाठवायचे. त्याची पारख मुख्यतः इतर खेळाडू करतात. कसोट्या तीन : ते स्थळ शोध घेण्याजोगे आहे का, व्यायामाला प्रवृत्त करणारे आहे का, लोकांना एकत्र आणणारे आहे का?

५) पायवाटेवरील फलकांना या व्यवस्थेत मान आहे. ज्यावर वाटेचे नाव आहे असा कायमस्वरूपी फलक साधारणतः ग्राह्य ठरतो, कारण तो माणसाला चालायला लावतो. नुसता अंतराचा आकडा असलेला दगड बहुधा नाकारला जातो. झाड, टेकडी, ओढा ही निसर्गस्थळे स्वतः पात्र नसतात, पण त्यांची माहिती देणारा फलक पात्र ठरू शकतो.

६) मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' हा याच जातीचा उद्योग होता. परंपरेने मुनिव्यास कोठी यांच्या नावे असलेल्या चौदाव्या शतकातील या ग्रंथात, श्रीचक्रधर जिथे राहिले, बसले, जेवले, निजले, त्या जागांची गावोगावची नोंद आहे.

७) ती नोंद भक्तीची असली तरी तिची रीत मोजणीदाराची आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या दक्षिणेस काय, आवाराचे दार कुठे, हे तीत क्रमाने येते. शिवाय त्या जागांवर ओटे बांधले गेले. वाचणाऱ्याला पोथी आणि चालणाऱ्याला ओटा, अशी ही दुहेरी खूण होती. आजच्या भाषेत वर्णन पोथीत आणि फलक जमिनीवर.

८) भंडाराही या भ्रमंतीच्या बाहेर नाही. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या एकाकी भ्रमणकाळात भंडाऱ्याचा प्रसंग येतो, आणि तिथे त्यांना भेटलेले निळभट्ट पुढे भांडारेकार याच नावाने ओळखले गेले. एका गावाचे नाव माणसाला चिकटून सातशे वर्षे टिकले, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले.

९) दुसरी परंपरा मोजमापाची. नागपुरातील झिरो माईलचा स्तंभ १९०७ सालचा, भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित. तो अंतर आणि उंची सांगतो. त्या रस्त्याने कोण गेले, डोक्यावर काय घेऊन गेले, हे त्याला ठाऊक नाही. स्थानपोथी आणि मैलाचा दगड यांतला हा फरक ध्यानात ठेवावा.

१०) आता आंधळगावकडे वळू. शेजारच्या तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळाशी जोडला जातो. असा किल्ला स्थळ म्हणून सहज मान्य होतो. पण कोशाची कथा? माग राहत्या घरात असतो आणि खाजगी निवासस्थान नियमात बसत नाही. अळी वाढते ती ऐन-अर्जुनाची झाडे निसर्गात मोडतात. सत्तेने दगड मागे ठेवला, श्रमाने कापड. आणि कापड विकले जाते.

११) म्हणूनच इथे नामांकित पायवाटेची गरज आहे. समजा, 'कोसा-वाट' नावाचे पाच फलक गावात उभे राहिले. पहिला ऐनाच्या झाडाचा आणि कोशाची जोपासना करणाऱ्या ढिवर समाजाचा. दुसरा कोश उकळण्याचा. तिसरा मांडीवर धागा वळणाऱ्या स्त्रियांच्या हातांचा. चौथा ताण्या-बाण्याचा. पाचवा नागपूर-भंडारा पट्ट्यातील करवती काठाचा, जिथे तीन धोट्यांच्या विणीतून करवतीच्या दात्यांसारखी किनार उमटते.

१२) क्रम मात्र चुकू नये. आधी जमिनीवर फलक, मग छायाचित्र, मग नोंद. पुठ्ठ्याची तात्पुरती पाटी टांगून स्थळ मिळवण्याचा मोह होतो. ते नियमातही बसत नाही आणि इतिहासातही. फलक ग्रामपंचायतीच्या संमतीने, सार्वजनिक आणि पायी पोहोचता येईल अशा सुरक्षित जागी हवा. विणकराच्या उंबऱ्यावर अनोळखी गर्दी आणणारा नको.

१३) ही काळजी काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये, खेळ भारतात अधिकृतपणे येण्याआधीच, खेळातली अंडी प्रार्थनास्थळांच्या जागी दिसतात या तक्रारीवरील जनहित याचिकेत गुजरात उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या होत्या. दूर बसून नकाशावर ठेवलेला ठिपका प्रत्यक्षात कुणाच्या तरी अंगणात पडतो. म्हणून ज्याचे अंगण, त्याला आधी विचारावे.

१४) एवढा खटाटोप एका खेळासाठी का? खेळ येतील आणि जातील. पण त्या निमित्ताने कुणीतरी शीर्षक लिहील, चार ओळींचे वर्णन करील, दिशा तपासील. गावातल्या वृद्ध विणकराला तो विचारील, की या पायरीला तुम्ही काय म्हणता? त्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे कमी होत चालली आहेत. माग थांबला की घर हे फक्त घर उरते आणि भिंतीवर काही लिहिलेले नसते.

१५) मुनिव्यासांना ठाऊक होते की देवळे पडतील, वाटा बदलतील. म्हणून त्यांनी अमुक देवळाच्या अमुक दिशेला, असे लिहून ठेवले. आंधळगावच्या कोणत्या दिशेला कोणते माग चालत होते, हे लिहायला अजून वेळ आहे. ज्यांचे आजोळ अशा एखाद्या गावात असेल, त्यांनी पुढच्या खेपेस वही सोबत न्यावी. फोन तर खिशात असतोच.

(समाप्त)