वरंध्याचा उतार आणि दीड वीत नळी

घाटाचे वर्णन करणारे आमचे लेखक नेहमी चढावर रमतात. वळणामागून वळण, वर ढग, खाली दरी, आणि माथ्यावर पोचताच लेखकाचे हृदय भरून येते. पण ज्याने घाटात गाडी हाकली आहे त्याला विचारा. तो म्हणेल, चढ एंजिनाचा, उतार ब्रेकचा. चढावर गाडी हरली तर थांबते. उतारावर हरली तर थांबत नाही. एवढाच काय तो फरक!

पुण्याहून भोरमार्गे महाडला उतरणारा वरंधा घाट मला फार आवडतो. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. राजवाडा आहे, नीरा आहे, जवळच १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे धरण आहे. भोर सोडले की नीरा-देवघरचा जलाशय बराच वेळ सोबत करतो. मग वस्त्या विरळ होतात, हिर्डोशीच्या बाजूची भातखाचरे मागे पडतात, आणि एकाएकी कोकण पायाखाली उघडते. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि हा रस्ता पुष्कळदा बंद ठेवावा लागतो. तेव्हा जायचे ते मार्गशीर्षात.

आमचे धाकटे मेहुणे याच पट्ट्यात शेती करतात. त्यांच्याजवळ जुन्या घडणीची एक जीप आहे. वर धनगरवाड्याकडे जाणारी वाट म्हणजे वाट कसली, ओढ्यातले धोंडे! जीपचे पोट दगडांवर घासायचे. म्हणून मेहुण्यांनी नवे कमानपाटे घालून गाडी तीन इंच उचलून घेतली. मूळ घडणीत असे फेरफार करण्यावर १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचे निर्बंध आहेत, हे मी त्यांना ऐकवले. "कायद्याचं बघतो दाजी," ते म्हणाले, "पण पावसात वाड्यावरची बाळंतीण खाली आणायची तर दुसरी गाडी दाखवा." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

महाडला लग्न होते. निघण्यापूर्वी भोरच्या एका मिस्त्रींना गाडी दाखवावी, एवढाच बेत. मिस्त्री साठीचे, बोलणे तोलूनमापून. त्यांनी जीपखाली पाठ टेकली, दोन मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "ही गाडी घाटात जायची नाही."

मेहुणे उखडले. परवा लग्न, घरात पाहुणे! मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी जॅक लावून सांगाड्याची मागची बाजू वर घेतली. चाके हळूहळू लोंबू लागली. मग मला म्हणाले, "मास्तर, वाकून बघा."

वाचकहो, मीही वाकून पाहिले. ब्रेकचे तेल सांगाड्यावरून लोखंडी नळीतून येते. पण सांगाडा एका जागी आणि ॲक्सल सदा खालीवर नाचणारा. म्हणून या दोहोंमध्ये रबराची एक लवचिक नळी असते. होज पाईप म्हणतात तिला. सारी दीड वीत लांब. पाटे उंच झाले तसा ॲक्सल सांगाड्यापासून तीन इंच दूर गेला, नळी मात्र होती तेवढीच राहिली. चाके लोंबताच ती तंतुवाद्याच्या तारेसारखी ताणली गेली. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा कळते. आणि या जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे तेल एकाच वाटेने जाते. नळी तुटली की पायाखाली काही उरत नाही.

मेहुणे गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनीच महाडला फोन केला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एस्टीने नळ्या आल्या. त्याआधी मिस्त्रींनी सुतळीने माप घेतले होते: मागची चाके पुरती लोंबत असताना एकदा, आणि पुढच्या नळ्यांसाठी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा. वर थोडी ढील. फार ढीलही नको. लोंबती नळी टायरला घासून महिन्यात झिजते. जुन्या नळीला तुकडा जोडून लांबी वाढवण्याची गोष्टच त्यांनी काढू दिली नाही.

नव्या नळ्या आतून टेफ्लॉनच्या, बाहेरून पोलादी तारांच्या विणीच्या. टेफ्लॉनचा शोध १९३८ सालचा. रबर दाबाने किंचित फुगते, आणि तेवढा पायाचा जोर वाया जातो. ही वीण फुगत नाही. पण मिस्त्री त्यांचेही आंधळे कौतुक करणारे नव्हते. "रबर म्हातारं झालं की भेगा दाखवतं. हिच्या आत काय चाललंय ते वरून दिसत नाही. विणीत वाळू शिरली तर आतून खाते." म्हणून नळीवर वेष्टण असलेले बरे आणि वरचेवर पाहणे आलेच.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कलने कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोचतो हे सांगितले. त्याच नियमावर आपण घाट उतरतो. पण त्या द्रवात हवेचा बुडबुडा राहिला तर दाब हवाच खाऊन टाकते. म्हणून हवा काढणे हे सर्वांत किचकट काम, आणि पेडलवर पाय ठेवण्याचा मान माझा. सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात. "दाबा... धरा... आता सोडा." वीस वर्षे वर्गात मी सांगतो आणि मुले ऐकतात, त्या दिवशी तासभर मी ऐकले. पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे येत राहिले, मग कमी झाले, मग थांबले. पेडल दगडासारखे घट्ट झाले.

तेल अर्थात नवे, बंद डब्यातले. हे तेल हवेतले पाणी पिते. डॉट ३ जातीचे कोरे तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. ओल मुरली की हीच मर्यादा १४० वर येते. लांब उतारावर ड्रम तापले आणि तेल उकळले, की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते.

मिस्त्रींनी पेडल जोराने दाबून धरायला लावले आणि प्रत्येक सांध्यावर कोरडे बोट फिरवून पाहिले. मग माळावर रिकामी गाडी फिरवली. पुन्हा सांधे पाहिले. निघताना एवढेच म्हणाले, "ब्रेकवर उतरू नका, गिअरवर उतरा."

लग्न हुकले ते हुकलेच. तरी सत्यनारायणाला पोचू म्हणून आम्ही निघालो. कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातून रस्ता पलीकडे निघतो तिथे मेहुण्यांनी दुसरा गिअर टाकला. गाडी गुरगुरत, पण शहाण्यासारखी उतरू लागली. वाघजाईपाशी भजी आणि चहा झाला. मेहुणे मात्र आधी गाडीखाली डोकावून आले. समोर दरीत निळसर धुके होते. तिकडेच कुठे शिवथरघळ. समर्थांनी दासबोध सांगितला तो हाच मुलूख, असे मानतात. मेहुण्यांना त्या वेळी समर्थांपेक्षा चार कोरडे सांधे पाहून अधिक समाधान झालेले दिसले, आणि मी त्यांना दोष दिला नाही. बिरवाडी मागे टाकून दिवेलागणीला महाड गाठले. यजमान रागावलेले होतेच. जिलबी वाढताना त्यांचा राग ओसरला.

त्यानंतर आषाढातली गोष्ट. रात्री मेहुण्यांचा फोन आला. भर पावसात धनगरवाड्यावरून एका पोरीला त्यांनी भोरच्या दवाखान्यात आणले होते. ओढ्याच्या उतरणीवर एक चाक पुरते खाली लोंबले होते म्हणे. "मुलगा झाला दाजी," ते म्हणाले. "उद्या उजाडलं की गाडी मिस्त्रींकडं नेतो, नळ्या बघून घेतो."