तिसरा रकाना

चि. बाळास,



तुझं पत्र शनिवारी मिळालं. सोबतची मासिक अहवालाची झेरॉक्सही पाहिली. तीन रकाने: भेट दिलेली घरं, प्रार्थनेला आलेली माणसं, प्रभूकडे वळलेली कुटुंबं. पहिल्यात एक्केचाळीस, दुसऱ्यात सतरा, तिसरा कोरा. त्याच्या खाली पेन्सिलीने तू लिहिलंयस, "आत्या, इथे काय लिहू?"

काही लिहू नकोस. त्या रकान्याला हात लावू नकोस. कमिटीने विचारलं तर माझं हे पत्र दाखव.

तुझ्या बापालाही मी कधी न सांगितलेली एक गोष्ट आज तुला सांगते. मी दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा आमच्या मंडळीचा स्त्रीसंघ रविवारी दुपारी रुळांलगतच्या एका वस्तीत जायचा. नाताळच्या आदल्या आठवड्यात चादरी वाटायचं ठरलं. थंडी होती, पैसे जमले होते, आम्ही सगळ्या उत्साहात होतो. गोंधळ नको म्हणून टोकनं केली. आधी भजन, मग वचन, मग प्रार्थना, मग वाटप. टोकनं माझ्या हातात होती. पुढच्याच रांगेत एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. प्रत्येक "आमेन"ला तिचा आवाज सगळ्यांत मोठा. पाळकबाईंनी मला खुणेने दाखवलं, पाहा, कशी लागलीय हिला ओढ.

प्रार्थना संपली, तिने चादर घेतली आणि मला विचारलं, "बाई, झालं ना सगळं? लेकराला दवाखान्यात न्यायचंय."

मी पोराला हात लावला. अंग भाजत होतं. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बाळ, मी नर्स. न्यूमोनिया झालेलं लेकरू पाऊण तास माझ्यापासून चार हातांवर होतं, आणि मी टोकनं मोजत होते. रिक्षात बसल्यावर तिला विचारलं, "आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मधेच उठले असते तर चादर गेली असती."

पोर वाचलं. पण त्या महिन्याच्या अहवालात तिचा "आमेन" आम्ही धरला होता. कागद माझ्याच अक्षरात आहे. तेव्हापासून मला रकान्यांची भीती वाटते.

तुला चांगल्या कामापासून परावृत्त करायला मी हे लिहीत नाही. तू सेमिनरी संपवून एखादी गावातली जुनी, भक्कम मंडळी मागू शकला असतास. गोवंडीचं शिवाजीनगर मागून घेतलंस, याचा मला अभिमान आहे. पण आपल्या घराण्याचा सुवार्तेशी संबंध कसा आला, ते जवळून पाहिलेल्या बाईच्या तोंडून मी ऐकलं आहे. ते तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आपले पूर्वज नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. १८९९–१९०० च्या दुष्काळात मिशनने कामं काढली, अन्न दिलं, आणि पुढे आपलं घर ख्रिस्ती झालं. "भाकरीसाठी बाटले" हे आजीने आयुष्यभर ऐकलं. मी लहानपणी रडत घरी आले होते, वर्गात कुणीतरी तेच म्हणालं म्हणून. आजी भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "भाकरी मिळाली हे खरंच आहे. उपाशी माणसाने भाकरी घेतली यात लाज कसली? पण दुष्काळ सरला, भाकरी बंद झाली, तरी माझा सासरा मंडळीत राहिला. का? तर पाळकसाहेब ओसरीवर बसून आमच्या मडक्यातलं पाणी प्यायचे. गावात दुसरं कुणी प्यालं नव्हतं." ती एवढंच बोलली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मिशनच्या वह्यांत पाण्याच्या त्या पेल्याचा रकाना कुठे असेल?

तू विचारशील, मग मोजायचं काय? याचं उत्तर मला भायखळ्यात मिळालं. नोकरीमुळे मी इथे राहायला आले तेव्हा नागपाडा नेबरहुड हाऊसवरून रोज जात असे, पण त्या इमारतीची हकीकत बऱ्याच उशिरा कळली. क्लिफर्ड मॅनशार्ट हा अमेरिकन मिशनरी १९२५ मध्ये मुंबईत आला. त्याला पाठवणारी अमेरिकन मराठी मिशन म्हणजे आपलीच मिशन. तिचे पहिले लोक १८१३ मध्ये इथे उतरले. त्यांनाही पहिली कैक वर्षं बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिण्याजोगं फारसं काही नव्हतं. शाळा मात्र ते काढत गेले, १८२४ मध्ये मुलींचीसुद्धा. मॅनशार्टच्या वाट्याला आला नागपाडा. शेजारी कामाठीपुरा, आजूबाजूला मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती, दाटीवाटीच्या चाळी, खोल्यांत कोंबलेली कुटुंबं. १९२७ मध्ये त्याने तिथे हे घर उघडलं. खेळ, वाचन, वर्ग, आरोग्याची कामं. कुणीही यावं, कोणत्याही धर्माचं. येणाऱ्याला धर्म बदलायला लावायचा नाही, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. मिशनरी माणसाने मिशनच्या घरात असं ठरवणं त्या काळी सोपं नव्हतं. आपल्या पाठीराख्यांना तो काय कळवत असेल, हा विचार तुझ्या पेन्सिलीच्या ओळीवरून मला पुन्हा आला.

वस्तीत काम करता करता त्याला उमगलं, की नुसती माया पुरत नाही, शिकलेली माणसं लागतात. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने त्याच घरात समाजकार्याची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, आणि संचालक मॅनशार्ट. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली. म्हणजे तू रोज जिच्यासमोरून बसने जातोस, ती संस्था मिशनच्या एका वस्तीघरात जन्मली. तिथल्या पोरांना हे ठाऊक आहे का, एकदा विचारून बघ.

मॅनशार्टने नागपाड्याचं दार उघडलं त्याच १९२७ साली मुंबईने देवनारला कचरा टाकायला सुरुवात केली. त्या डम्पिंगच्या कडेला आज तुझी एक्केचाळीस घरं आहेत. पालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्या मुंबईत तळाला होता तो तुझा एम-पूर्व विभाग. तू लिहिलंस, की बाया पहाटे डम्पिंगवर जातात, प्लास्टिक-लोखंड वेचून भंगारवाल्याला देतात, पाण्याचे कॅन विकत घेतात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात. हे सगळं तू दोन ओळींत संपवलंस आणि मग "आध्यात्मिक गरज" यावर दीड पान लिहिलंस. पुढच्या पत्रात उलट कर. दीड पान पाण्यावर लिही. कॅन केवढ्याला मिळतो, कोण विकतो, उन्हाळ्यात दर कितीवर जातो, नळाचा अर्ज कुठे अडकलाय. ज्या घराचं पाणी तुला ठाऊक नाही, त्या घराची आध्यात्मिक गरज तुला कशी कळणार?

आता तुझ्या पत्रातल्या त्या पोराबद्दल. भंगाराच्या दुकानात काम करणारा, एकोणीस वर्षांचा, आई जालन्याकडची. "त्याला बाप्तिस्मा हवाय, पण आईला कळू द्यायचं नाही म्हणतो." बाळ, आईला कळल्याशिवाय पाण्यात उतरवू नकोस. तो सज्ञान आहे, निर्णय त्याचा आहे, हे मला मान्य आहे. पण सुवार्ता घरात चोरपावलांनी शिरली, तर त्या घरात ती चोरच ठरते. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यावर आपलं मन वळवायला पाच वर्षं लागली, आणि ती पाच वर्षं त्यांनी कशी काढली हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनीच लिहून ठेवलंय. तुझ्या सेमिनरीत हे पुस्तक वाचायला लावलं नसेल तर मी माझी प्रत देते. कवी टिळकांच्या विश्वासाइतकंच त्या बाईचं रडणंही आपल्या मंडळीच्या इतिहासात मोलाचं आहे. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तभक्तांना त्यांनी जागा ठेवली. मोठमोठ्या लोकांना ते पटलं नाही. मला पटतं.

आणि एक गोष्ट त्या पोराला तोंडावर सांग. त्याचं घर बौद्ध आहे, अनुसूचित जातीचा दाखला त्यांच्याकडे असेल. १९५० च्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बाप्तिस्मा घेतला तर त्याची सवलत जाते. हा अन्याय आहे असं माझं मत आहे. आपल्या लोकांनी त्यासाठी किती मोर्चे काढले, कोर्टात किती वर्षं काढली. पण तो अन्याय त्या पोराच्या डोक्यावर न सांगता ठेवणं हा आपला अन्याय होईल. आपल्या पुढच्या शिक्षणाचा, नोकरीचा विचार त्याला करू दे. त्यानंतरही तो आला, तर आईला सोबत घेऊन येईल, आणि तेव्हा बाप्तिस्मा द्या म्हणून मंडळीच्या पाळकसाहेबांना मी स्वतः सांगेन.

त्याच्या आईच्या दारात गेलास की आधी "जय भीम" म्हण. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असेल, त्याच्याकडे पाठ करून बसू नकोस. ज्यांच्या शिकवणीने ती बाई ताठ मानेने उभी राहिली, त्यांच्याबद्दल तुझ्या तोंडून एक उणा शब्द गेला तर त्या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस.

याचा अर्थ तू कोण आहेस हे लपवायचं, असा मात्र घेऊ नकोस. हल्ली आपली काही मंडळी संस्थेचं नाव बदलतात, क्रूस पिशवीत ठेवतात, आणि चहा तीनदा झाला की मग हळूच वचन काढतात. मला हे अजिबात आवडत नाही. वस्तीतल्या कुणी विचारलं, "बाटवायला आलास काय?" तर सरळ सांग, मी ख्रिस्ती पाळक आहे, माझा प्रभूवर विश्वास आहे, विचारलंस तर त्याच्याबद्दल सांगेन, नाही विचारलंस तरी उद्या येईन. मग खरोखर उद्या जा. परवाही जा. संशय जातो तो असाच. आणि कुणी प्रार्थना कर म्हणालं, तर कर. लहान कर. आधी थर्मामीटर लाव.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला तू संडे स्कूलपासून ऐकतोयस. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले, आणि परत येताना उरलेलं देईन म्हणाला. तो जखमी माणूस पुढे काय मानू लागला, हे प्रभूने सांगितलंच नाही. गोष्ट तिथेच थांबते. तिसरा रकाना प्रभूनेही कोराच ठेवला आहे, बाळ.

शेवटी त्या खोकणाऱ्या बाईचं. तू लिहिलंस, की ती "प्रार्थनेला नियमित येते, पण अशक्त आहे," आणि तीन ओळी खाली, की टीबीचं औषध तिने दोन महिन्यांनी सोडलं, बरं वाटलं म्हणून. हे वाचून मी रात्रभर जागी होते. औषध पुरते महिने घ्यावंच लागतं. मधे सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्याच खोलीत चार पोरं झोपतात. तिला लगेच पालिकेच्या दवाखान्यात पुन्हा ने, बेडका तपासायला लाव. सरकारकडून टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी निक्षय योजनेतून दरमहा पैसे मिळतात, पूर्वी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ते तिच्या खात्यात येतात का ते बघ. खातं नसेल तर आधारकार्ड घेऊन तिच्यासोबत बँकेत जा आणि रांगेत उभा राहा. तेवढ्यासाठी बुधवारची प्रार्थनासभा रद्द करावी लागली तर कर. पोरांची तपासणीही राहू देऊ नकोस.

तिने औषध पुन्हा सुरू करेपर्यंत मला चैन पडणार नाही. गुरुवारी मी सकाळी हार्बरच्या गाडीने येते. साडेदहाला गोवंडी स्टेशनवर थांब. माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, तेव्हा हात द्यायला वर प्लॅटफॉर्मवर ये. चादरी, खाऊ काही आणत नाही. वजनकाटा आणि थर्मामीटर आणते. आधी त्या बाईच्या घरी ने.

तुझी,
आत्या