रुपयात सहा आणे

२००९च्या जूनमध्ये नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साड्यांच्या ठोक व्यापाऱ्यानं हात वर केले. मी तेव्हा जवळच्याच एका कापडाच्या पेढीवर मुनीम होतो. आमचे त्याच्याकडे चार लाख ऐंशी हजार अडकले होते. पाऊस यायचा होता, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि बाजारात दुसरा विषय नव्हता.

आमचे शेठजी सकाळी गादीवर बसून पेपर मोठ्यानं वाचत. २ जूनला त्यांनी वाचलं, अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं दिवाळं काढलं. शेठजींची टवेरा त्याच कंपनीची. त्यांनी चष्मा काढला. "मुनीमजी, एवढी मोठी पार्टी बुडते, अन् आपण या साडीवाल्याले शिव्या देऊन राहिलो!"

"तिथं सरकार पैसा ओतून राहिलं म्हणते," मी म्हणालो.

"मंग कायचं दिवाळं? त्याले तं सासरा पावला!"

आमच्या साडीवाल्याला सासरा पावणार नव्हता. १९२०चा दिवाळखोरीचा कायदा होता, पण कोर्टात गेलेली उधारी नातवाच्या हाती लागते, हे बाजाराला पाठ होतं. म्हणून चार-पाच दिवसांनी एका आढत्याच्या माडीवर सगळे देणेकरी-घेणेकरी बसले. अक्षर चांगलं म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं नाव बँकेचं. गोदाम तिच्याकडे गहाण होतं, तिनं ते घेतलं. दुसरा सुरतेचा आढत्या. त्याला सोळा आणे द्यायचे ठरले, हप्त्यानं का होईना. कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा पंच म्हणाले, "त्यानं माल बंद केला तर नवं दुकान चालन कायच्यावर?"

नवं दुकान! म्हणजे ते आधीच ठरलं होतं. पाटी बायकोच्या नावाची, गिऱ्हाइकं तीच, जागा तीच. कर्ज तेवढं जुन्या नावावर राहणार. आम्हा बाकीच्यांना रुपयात सहा आणे. मी आमच्या नावासमोर एक लाख ऐंशी हजार लिहिले आणि लाल रेघ मारली.

चहाला खाली उतरलो तर जिन्यात एक बाई बसल्या होत्या. त्या दुकानाच्या साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या. हातात मुलाच्या वहीचं पान. तारखा, साड्यांचे आकडे आणि तळाशी बेरीज : २६० साड्या, नऊ रुपये दरानं २,३४० रुपये. पानाला तेलाचा डाग होता, पण हिशेब आमच्या रोकडवहीइतका चोख. मी पान वर नेलं. पंचांनी विचारलं, "पक्की पावती आहे काय?" नव्हती. यादीच्या तळाशी एका ओळीची जागा रिकामी होती. मी ती भरली नाही, हट्टही धरला नाही. पान परत नेऊन दिलं.

त्यानंतर जनरल मोटर्सच्या बातम्या मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचू लागलो. १ जूनला कंपनी कोर्टात गेली, १० जुलैला बाहेर आलीसुद्धा. चांगले कारखाने आणि नाव नव्या कंपनीकडे. जुनी देणी जुन्या कंपनीकडे, तिचं नावही बदललेलं. अमेरिकी सरकारनं सुमारे ४,९५० कोटी डॉलर घातले आणि नव्या कंपनीत साठ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा घेतला. सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी तर मार्चमध्येच ५०० कोटी डॉलरपर्यंतची वेगळी सोय झाली होती. ते आमचे सुरतवाले. रोखे घेतलेल्यांच्या वाट्याला नव्या कंपनीचा दहावा हिस्सा, ते आम्ही. जुन्या भागधारकांना शून्य. आणि या व्यवहाराआधी ज्यांना कंपनीच्या गाड्यांमुळे इजा झाली, त्यांचे दावे जुन्या कंपनीच्या गळ्यात. ती माणसं मला ओळखीची वाटली. ती जिन्यात बसली होती.

दुकान वाचवू नये, असं मी म्हणत नाही. एवढा कारखाना बसला असता तर शेकडो पुरवठादार आणि गावंच्या गावं बसली असती. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारनं शेवटचे शेअर विकले, तेव्हा हजार कोटी डॉलरांहून जास्त खोट आली. तीही तिथल्या करदात्यानं सोसली. पण वाचवणाऱ्याचं अंगण ठरलेलं असतं. पुण्याजवळच्या तळेगावात याच कंपनीचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला होता. २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावही थांबलं. पुढे ती जागा ह्युंदाईनं घेतली. आपल्याकडे २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीनं धरायची, असं त्यात आहे. वाचून बरं वाटलं. फक्त फॉल-पिकोवाल्या बाईंचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नसतं.

२००९च्याच दिवाळीत साडीवाल्याची नवी पाटी लागली. आमच्या शेठजींनी पेढे खाल्ले आणि पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर पुन्हा माल दिला. बिल घेऊन मीच गेलो होतो. त्या बाईही आल्या होत्या. पोऱ्यानं साड्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी हात लावला नाही.

"काकू, शनिवारी हिशेब करू ना."

"नाही बाप्पा. दहा साड्यांचे दे, दहा नेतो. त्या आणल्या का मंग पुढच्या दहाचे दे."

पोऱ्यानं मालकाकडे पाहिलं. मालकानं गल्ल्यातून नव्वद रुपये काढले. बाईंनी ते दोनदा मोजले, कमरेला खोचले आणि गठ्ठ्यातून मोजून दहा साड्या उचलल्या.

मग मालक माझ्याकडे वळले. मी उधारीचं बिल पुढे केलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.