मार्कंडेयेच्या काठी

बेळगावाहून पुण्याच्या रस्त्याने निघाले, की थोड्याच अंतरावर काकती लागते. राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. जवळूनच मार्कंडेय नदी वाहते. राकसकोपला अडविलेल्या तिच्या पाण्यावर बेळगावकरांची तहान भागते. ही नदी गोठल्याचे कोणी ऐकले नाही. म्हणूनच मिनेसोटात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने बर्फावरील मासेमारीचे वर्णन लिहून धाडले, तेव्हा आमच्या वर्गाला ती परीकथाच वाटली.

पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्यामुळे सरोवर वरून गोठते आणि खाली मासे जगतात. बर्फाला भोक पाडून तेथून ध्वनियंत्र पाण्यात सोडतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तळावर आपटून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परतला, तर खोली १५ मीटर. मध्येच माशाच्या पोटातील वायूच्या पिशवीवरून प्रतिध्वनी आला, की पडद्यावर खूण उमटते. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली ही युक्ती मासेमारीच्या व्यवहारात आणली. (मोरीला ती पिशवीच नसते, तिचा प्रतिध्वनी क्षीण!)

आमच्याकडे यंत्र कशाला? मृगाच्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात, ते लहान पोरांनाही दिसतात. मादीचे पोट तेव्हा गाबोळीने भरलेले असते आणि नेमके तेव्हाच लोक त्यांना बुट्ट्या भरभरून धरतात. वर्गात हे सांगितले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “पर सर, मागनं गावत न्हाईत की!”