न लिहिलेल्या वाक्याची समीक्षा

विनोदी मालिकेवर लिहायला बसलं की मराठी समीक्षक आधी लेखकाचं नाव शोधतो. ते सापडलं की पुढचं काम सोपं होतं. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मागे चिं. वि. जोशी होते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मागे दिलीप प्रभावळकरांची ‘अनुदिनी’ होती. दोन्ही मालिका उत्तमच. एका घरातली माणसं एकमेकांना सांभाळून घेताना किती हास्यास्पद आणि किती लोभस होतात, हे दोन्हींनी दाखवलं. त्यांच्याबद्दल आपुलकीनं आणि नेमकं लिहिलं गेलं. मात्र ते लिहिणं शक्य झालं याचं एक कारण असं, की समीक्षकाच्या हातात पुस्तक होतं. मालिकेतल्या घराची पुस्तकातल्या घराशी तुलना करता येत होती.

आता दुसरी बाजू. गेली दहा-बारा वर्षं रात्रीच्या जेवणाच्या वेळी मराठी घरांत जी कॉमेडी लागते, तिचा निम्मा जीव नटाच्या त्या क्षणीच्या बोलण्यात असतो. ‘चला हवा येऊ द्या’ असो की ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, स्किट लिहिलेलं असतं, त्याच्या तालमी होतात. पण नवरा-बायकोचं भांडण रंगात आलं, की समोरच्याचं तोंड बघून नट एक वाक्य जास्तीचं टाकतो. बायको झालेल्या नटाला ते अपेक्षित नसतं. ती बायको थबकते, सावरते आणि त्याच्या वरचढ उत्तर देते. प्रेक्षक दुसऱ्या दिवशी नेमकी तेवढीच जागा आठवून सांगतात. नाटकवाले याला अ‍ॅडिशन म्हणतात. हा शब्द तालमीच्या हॉलमध्ये रोज ऐकू येतो, छापील समीक्षेत मात्र अभावानंच, आणि आला तरी बहुधा तक्रारीच्या सुरात.

मी नाट्यसमीक्षा शिकवतो आणि राहतो वऱ्हाडातल्या संग्रामपुरात, सातपुड्याच्या पायथ्याशी. एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. परीक्षकाच्या टेबलावर संहितेची प्रत ठेवलेली असते. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि प्रमाणपत्र घेऊन येते. म्हणजे आधी कागद, मग प्रयोग, हा क्रम आपल्याकडे नियमानंच पक्का केलेला आहे. त्या कागदाबाहेरचं वाक्य कितीही जिवंत असलं, तरी गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. चार पिढ्यांची समीक्षा याच सवयीत घडली. १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, तेव्हा संहिता सबनीसांची होती आणि रोजच्या बातम्यांवर घेतलेल्या जागा दादा कोंडक्यांच्या. सबनीसांच्या शब्दांचं विश्लेषण करता येतं, कारण ते पुस्तकात आहेत. दादांच्या त्या जागा प्रयोगागणिक बदलत होत्या. त्या ज्यांनी पाहिल्या त्यांच्याबरोबरच संपत चालल्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्लंडमधलं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. अँडी हॅमिल्टन आणि गाय जेनकिन यांनी बीबीसीसाठी २००७ साली ‘आउटनंबर्ड’ नावाची मालिका सुरू केली. लंडनमधलं साधं कुटुंब, आई-बाप आणि तीन मुलं. मोठ्यांना संवाद लिहून दिलेले. लहान मुलांना मात्र पाठांतर नाही. प्रसंग काय आहे, साधारण कुठे जायचंय, हे त्यांना चित्रीकरणाच्या वेळी सांगायचं आणि पुढे मुलं बोलतील ते टिपायचं. पहिला हंगाम रात्री उशिरा दाखवला गेला, जणू वाहिनीलाच खात्री नव्हती. समीक्षकांनी मात्र ही मालिका उचलून धरली. २००९ च्या ब्रिटिश कॉमेडी पुरस्कारांत ती सर्वोत्तम सिटकॉम ठरली आणि धाकट्या कॅरेनचं काम करणाऱ्या आठ वर्षांच्या रमोना मार्केझला नवोदित अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की तिथल्या समीक्षकांनी दाद देताना लेखकांची वाक्यं वेचली नाहीत. बापाचा पाठ केलेला प्रश्न आणि मुलीचं पाठ न केलेलं उत्तर यांच्यामध्ये बापाच्या चेहऱ्यावर जे घडतं, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं. मुलं मोठी होत गेली तशी लिहिलेल्या संवादांवर भिस्त वाढली, आणि मालिकेचा पोत बदलला.

आपल्याकडे त्या चेहऱ्याकडे पाहणारी माणसं आहेत. ती लिहीत नाहीत, एवढंच.

आमच्या तालुक्यातल्या घरांत टीव्हीसमोर बसून मी जी दाद आणि जी नापसंती ऐकतो, तिच्यात एक निकष फार स्पष्ट आहे. एखादा नट कमी पडला की बाया-माणसं सरळ म्हणतात, ‘पाठ केल्यावानी बोलून राह्यला.’ हा निकाल अंतिम असतो. मग वेशभूषा, सेट, मोठं नाव, काही उपयोगाला येत नाही. उलट एखादी जोडी जमली की ‘हे तं आपल्या घरचंच हाय’ असं ऐकू येतं. पहिलं वाक्य अभिनयाच्या पद्धतीवरचं आहे आणि दुसरं आशयावरचं, आणि दोन्ही मिळून या प्रकारच्या कॉमेडीची पुरेशी कसोटी होते. बोललेलं त्या क्षणी सुचलेलं वाटतं का, आणि ते घरातल्या नात्यातून सुचलेलं आहे का?

ही जाण टीव्हीनं दिलेली नाही. दारात येणारा बहुरूपी, ज्याला आमच्याकडे रायरंद म्हणतात, तो पोलिसाच्या वेशात उभा राहून घरातल्या माणसांवरच आरोप ठेवायचा. सासू दिसली तर सुनेच्या छळाचा, अंगणात रिकामा बसलेला पोरगा दिसला तर त्याच्या लग्नाचा. त्याच्याजवळ ठरलेली लकब होती, ठरलेली तुकबंदी होती, पण आरोप त्या घराचा असायचा. तो घरात नजर फिरवून अर्ध्या मिनिटात नाती ओळखायचा. शेजारच्या तेल्हाऱ्यापलीकडच्या अकोटचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवत कीर्तन करतात, तेव्हा हुंडा, दारू, म्हाताऱ्या आई-बापांची हेळसांड असे विषय ते वऱ्हाडी बोलीत, समोर बसलेल्या माणसालाच ओढून घेत मांडतात. हशा होतो आणि त्या हशातच पुढचा प्रश्न येतो. अशा श्रोत्यांतून तयार झालेला प्रेक्षक टीव्हीवरच्या नटाला सहज पारखतो. वाक्य सुचलं की आणलं, हे त्याला कानानं कळतं.

या प्रेक्षकाची दखल कशी घेतली गेली? मुंबई दूरदर्शनवर चिमणराव रंगत होते, तेव्हा ते चित्र आमच्या तालुक्यापर्यंत पोचतच नव्हतं. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, घरोघरी डिश लागल्या, तरी प्रेक्षकमोजणी शहरांतच चालू राहिली. ‘चला हवा येऊ द्या’ १८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं आणि प्रेक्षकमोजणी करणाऱ्या बार्क या संस्थेच्या साप्ताहिक आकड्यांत ग्रामीण घरं आली ती २०१५ च्या ऑक्टोबरात. म्हणजे पहिलं वर्षभर आमच्या तालुक्यातलं, संग्रामपुरातलं, सोनाळ्यातलं, पातुर्ड्यातलं हसू त्या कार्यक्रमाच्या हिशेबात नव्हतं. आज ते हिशेबात आहे, पण आकडा म्हणून. किती घरांनी पाहिलं हे कळतं. कुठल्या वाक्यावर घर हसलं आणि कुठल्या वाक्यावर आजीनं तोंड फिरवलं, हे आकड्यात येत नाही. ते समीक्षेनं सांगायचं असतं. ती जागा सध्या कार्यक्रमानंच भरून काढली आहे. स्किट संपलं की कॅमेरा परीक्षकांकडे वळतो, ते हसून डोळे पुसत असतात, उभं राहून दाद देतात. कलावंताला अशी दाद मिळावी, त्यात वावगं काही नाही. पण त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात मूल्यमापन तिथल्या तिथे उरकलेलं असतं.

आता माझे आक्षेप. उत्स्फूर्तपणा म्हणजे गुण, असं मी मानत नाही. नटाला ऐन वेळी काही सुचलं नाही, की तो हाताशी असलेल्या सोप्या गोष्टीकडे वळतो: समोरच्याचं जाडेपण, काळा रंग, टक्कल. लुगडं नेसलेला पुरुष दिसल्याबरोबर हशा येतो, आणि त्या हशावर दोन मिनिटं निघून जातात. तमाशातला मावशी करणारा नट लुगड्यावर थांबत नसे. मावशीला स्वतःचं म्हणणं असे, ती सोंगाड्याला अडवत असे. टीव्हीवर ती अडवणूक नाहीशी झाली की घरातल्या बाईचं म्हणणंही नाहीसं होतं आणि कुटुंबावरची कॉमेडी पुरुषांची थट्टामस्करी होऊन बसते. म्हणून मला ‘हास्यजत्रे’तली समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी मोलाची वाटते. विशाखाताई समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकायच्या. त्यांचं उत्तर त्या ऐकण्यातून यायचं, आणि म्हणून ती बायको खरी व्हायची. समीक्षकानं इथे थांबायला हवं, या ऐकण्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहायला हवेत.

दुसरा आक्षेप बोलीबद्दल आहे आणि तो मला जास्त टोचतो. भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी बोली राज्यभर नेली, हे मोठं काम आहे. ‘चला हवा येऊ द्या’तला त्यांचा सरपंच बोलतो तेव्हा त्यातला हेल, शब्दांची ओढ, मधली शांतता अस्सल असते. पण भोवतालची सगळी पात्रं दुसऱ्या बोलीत आणि एकटा माणूस वऱ्हाडीत, अशी रचना असली की हशा त्याच्या हजरजबाबीपणाला आला की त्याच्या बोलण्याच्या ढंगाला, हे सांगता येत नाही. सगळं घरच वऱ्हाडी बोलत असेल, तर बोलीला कुणी हसणार नाही. मग हसायला खरं कारण लागेल.

तसं घर आता दिसू लागलंय, टीव्हीवर नाही, मोबाइलवर. वऱ्हाडातल्या गावांत नवरा-बायको, सासू-सून, घरचीच माणसं, ओट्यावर किंवा वावरात पाच मिनिटांचा प्रसंग करतात. विषय सोयाबीनचा भाव, पोराचं लग्न, माहेरी जाण्यावरून रुसवा. यातलं बरंचसं ठरीव आहे. शेवटी उपदेश जोडायची सवय तर फारच. पण काही प्रसंगांत सासू अशी काही बोलून जाते, की सुनेचं काम करणारी बाई खरंच हसू दाबते आणि तरी प्रसंग सोडत नाही. आमच्या वर्गात आम्ही असा एक प्रसंग घेतो, आवाज बंद करतो आणि जो बोलत नाहीये त्याच्याकडेच बघतो. मग आवाज लावून पुन्हा बघतो. विद्यार्थी वहीत लिहितात: इथे ऐकलं, इथे ऐकलं नाही, इथे पाठ केलेलं होतं. नंतर वाद होतात, आणि पुष्कळदा एखादी मुलगी उभी राहून सांगते की तिच्या घरी सून असं बोलणारच नाही, आणि का बोलणार नाही, तेही सांगते. मी तिला ते लिहून आणायला सांगतो.