लांब नाव कुठे मोडते

मुलाचे लांबलचक, आडवळणी नाव तीन मापांत जगते. कागदावर ते पुरते असते, घरात त्याचा दोन अक्षरी तुकडा उरतो आणि चारचौघांत पुष्कळदा नुसते आद्याक्षर. अखंड उच्चारले जाण्याचा त्याचा हक्काचा दिवस एकच, बारशाचा. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते, नाव सांगते आणि मागून तिच्या पाठीत धपाटे बसतात. ‘पुंडरीकाक्ष’सारखे नाव असले तर ते तोंडातून पुरते बाहेर पडेपर्यंत आत्याला दोन धपाटे जास्तच खावे लागतात.

नावाच्या लांबीचा विचार जुन्यांनीही केला होता. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा यावा. मुलीच्या नावाची अक्षरे मात्र विषम हवीत. ‘ज्ञानेश्वर’ या कसोटीला सहज उतरते. ‘पुरुषोत्तम’ पाच अक्षरी, शिवाय ‘प’ अघोष. म्हणजे पुरुषांत उत्तम असलेल्याचेच नाव पुरुषांच्या नियमात बसत नाही. महाराष्ट्राने अर्थातच तिकडे लक्ष दिले नाही.

ज्योतिषाची अट निराळी. नक्षत्रे 27, प्रत्येकाचे 4 चरण, मिळून 108 आद्याक्षरे. जन्मवेळेच्या चरणावरून येते ते नावरस नाव. आर्द्रेच्या वाट्याला ‘ङ’ आणि हस्ताच्या वाट्याला ‘ण’ येतो, आणि या अक्षरांनी सुरू होणारे नाव कुठून आणायचे? मग जवळचे एखादे अक्षर धरून वेळ निभावली जाते. तसेही नावरस नाव बहुधा पत्रिकेतच राहते, व्यवहाराचे नाव वेगळे ठेवले जाते.

दुर्मीळ नावाच्या शोधात निघालेले आईबाप पुष्कळदा एका जुन्याच यादीपाशी येऊन थांबतात. संध्येत विष्णूची चोवीस नावे घेतात. त्यांतली केशव, माधव, वामन, दामोदर पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झाली. संकर्षण, प्रद्युम्न मागे पडली, आणि अधोक्षज तर जवळजवळ कोरेच राहिले. आज ज्याला ‘युनिक’ म्हणून मिरवतात, ते पणजोबांच्या रोजच्या आचमनातले असू शकते.

खरी परीक्षा हाकेची. स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत पोचणाऱ्या हाकेला दोन अक्षरे पुरतात, म्हणून दत्तात्रेयाचा दत्तू होतो, मधुसूदनाचा मधू, गजाननाचा गजा आणि भांडणात गज्या. चंद्रशेखर मधोमध मोडतो. कुठल्या घरी चंदू, कुठल्या घरी शेखर. ही मोडतोड मराठीचीच खोड नव्हे. संस्कृत वैयाकरणांनी तिचे नियमच बांधले आहेत: देवदत्ताचा कधी देव, कधी दत्त, आणि प्रत्यय लागला की देविक, सत्यभामेची भामा. मराठी घरांत आणखी एक कारण होते. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्यामुळे नाव कितीही भारदस्त असले तरी मूल नाना, बापू, अण्णा म्हणूनच वाढे. रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या टिळकांचे नाव केशव. लाडाचे ‘बाळ’ त्यावर असे बसले की इतिहासात तेच राहिले. साहित्यात कात्री आद्याक्षरांपर्यंत पोचते. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे पुलं झाले, गजानन दिगंबर माडगूळकरांचे गदिमा.

जे नाव मोडत नाही ते झिजते. हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा स्वामी तो हृषीकेश. हजेरीपटावर त्याचा ‘ऋषिकेश’ होतो आणि अर्थ ऋषीच्या केसांपर्यंत घसरतो. रोमन लिपीत तर ‘हृ’साठी मराठी माणूस यू लिहितो, हिंदी भाषक आय. ‘ज्ञ’साठी मराठीत डी, एन, वाय अशी तीन अक्षरे खर्ची पडतात. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी ते दोन्ही लिप्यांत लिहून पाहावे, आणि अंगणातून ओरडूनही.

नोंदणीला घाई नसते. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. पहिल्या 12 महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येते, त्यानंतर विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. हा बदल रास्तच. पण अधोक्षजाची आई मृण्मयी आणि वडील चंद्रशेखर असले, तर आडनावाची पाळी येईपर्यंत अर्जातल्या चौकटी संपत आलेल्या असतात. तोवर घरात त्याचा ‘अधू’ झालेला असतो, आणि या शब्दाचा मराठी अर्थ ध्यानात आलेली आजी त्याला ‘बाळू’ म्हणू लागलेली असते.